नैवेद्याआधीचं केळं

क्षिप्राचं चुकलंच, त्यात शंका नाही. घरात सत्यनारायण, जोडीने पूजेला बसायचं म्हणून सकाळपासून उपास, आणि ही बाई गेली ठाकुर्लीच्या जिममध्ये वजनं उचलायला! सासूबाईंनी, उत्तराताईंनी, आधीच बजावलं होतं, "एकदा जरी चक्कर आली ना, तर ते जिम बंद." क्षिप्राला लहानपणापासूनचा डायबेटिस, कमरेला इन्सुलिनचा पंप. त्यांचाही जीव टांगणीला लागायचा. पण वजनं उचलायला लागल्यापासून क्षिप्राची साखर आत्ता कुठे ताळ्यावर आली होती. जिम तिला सोडायचंच नव्हतं.

जड वजनं उचलली की तिची साखर आधी चढायची आणि मागाहून आपोआप उतरायची. लगेच इन्सुलिन घेऊ नकोस, थोडी थांब, असं डॉक्टरीणबाई घसा कोरडा करून सांगत होत्या. पण आज प्रसादाचा शिरा खायचा होता ना! मग घरी येऊन चढलेला आकडा बघितला आणि हिने दाबलं पंपाचं बटण. पोटात अन्नाचा कण नाही आणि वर हे शहाणपण.

पोथी अर्ध्यावर आली आणि साखर फार उतरल्याचा इशारा देत निऱ्यांआड पंप थरथरला. कपाळाला घाम फुटला. गुरुजींचा आवाज लांबून यायला लागला. शेजारी नवरा बसलेला, त्याला नुसतं "सौमित्र, साखर आण" म्हणायचं होतं. पण म्हटलं की जिम गेलंच! ती दात आवळून बसून राहिली. मग हात कधी पुढे गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. चौरंगावरचं केळं तिने सोललं आणि देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी, भरल्या घरासमोर, बकाबका खाल्लं.

गुरुजी थांबले. बायकांची कुजबुज सुरू झाली. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं क्षिप्राला.

तेवढ्यात कळव्याच्या मावशी ठसक्यात म्हणाल्या, "अहो गुरुजी, रागावू नका. पोरीला डोहाळे लागलेले दिसतायत! काय गं, खरं ना?"

नाही म्हणावं, तर केळं का खाल्लं ते सांगावं लागणार. क्षिप्राला काय अवदसा आठवली देव जाणे, तिने खाली बघत मान डोलावली.

सौमित्र आ वासून बघत राहिला. उत्तराताई उठून आल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी एका शब्दाने कधी विचारलं नव्हतं. आता त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुला वाईट वाटेल म्हणून विषय काढत नव्हते गं मी," त्या म्हणाल्या.

"आता जड काही उचलू द्यायचं नाही हिला," मावशी म्हणाल्या.

"छे! ते जिम आजपासून बंद," उत्तराताई म्हणाल्या.

केळं अंगी लागलं होतं. डोकं जागेवर येत होतं, आणि शरमेने कान तापले होते. आता खोटं बोलायला भोवळीचं निमित्तही उरलं नव्हतं.

"आई," क्षिप्राने हाक मारली. पण उत्तराताई तोवर चौरंगापुढे डोकं टेकवून रडत होत्या.