कोपऱ्यातले तीन ठिपके

मानसशास्त्र विभागात तिला सगळे गुपचिळी म्हणत. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द यायचा तो नव्या पाहुण्यासारखा, उंबऱ्याशीच घुटमळत.

आज मात्र संगणकाच्या पडद्यावर तिचं वर्षभराचं काम ठिपक्याठिपक्यांनी फुललं होतं. एकेक ठिपका म्हणजे विद्यापीठातला एकेक विद्यार्थी: त्याचा स्वभाव कसा, आणि त्याला आयुष्यात मोलाचं काय वाटतं. बोलक्यांना साहस प्यारं, अबोलांना सुरक्षितता, असा सगळ्यांचा कल. तीनच ठिपके दूर कोपऱ्यात, रुसून बसल्यासारखे. स्वभाव अबोल, ओढ साहसाची.

"हे तिन्ही काढून टाक गं," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "या तिघांनी प्रश्न न वाचताच उत्तरं ठोकली असणार. उद्या सगळ्या विभागापुढे मांडायचंय. निकाल कसा लख्ख दिसेल बघ!"

"नाही, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. हा शब्द तिच्याकडून त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

"त्यातला एक मी आहे. प्रश्न जमलेत का बघायला आधी स्वतःच उत्तरं दिली, ती इतरांत मिसळली. चूक माझी. मोजणारीनं तराजूत बसू नये, तेवढा काढते. पण मी मन लावून वाचलं होतं, मॅडम. रोज सकाळी पोहायच्या तलावात सगळ्यात उंच फळीवरून उडी मारते मी. तिथं बोलावं लागत नाही ना!"

मॅडमना हसू फुटलं. "आणि उरलेले दोघं?"

"ते राहतील."

"लोक फाडून खातील हं. मी मध्ये पडणार नाही."

"नका पडू. उडी माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेतून आवाज आला, "माइक वाढवा रे, गुपचिळी येतेय!" हशा पिकला. ती व्यासपीठाच्या कडेशी आली. पायाच्या बोटांना ही कड ओळखीची वाटली. खाली पाणी नव्हतं, एवढाच फरक. तिनं श्वास भरून घेतला आणि बोलायला लागली.

शेवटी विभागप्रमुख उठले. "दोन ठिपक्यांपायी इतका सुरेख निकाल कशाला विस्कटलात?"

"सर, आपण विचारलं, त्यांनी सांगितलं. आपल्याला पटलं नाही म्हणून ते खोटं कसं? मी त्यांच्यासारख्या आणखी मुलांना शोधणार आहे."

गुपचिळीनं माइक स्वतःच जवळ ओढला.

"पुढचा प्रश्न?"