घोंगडीवर बसून सांगितलेलं नाव

या, अशा जवळ येऊन बसा. तबल्यावर हातोडी अजून चाललीय, बुवा आत उपरणं सावरतायत. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगते. बुवांसारखी चाल लावून सांगता नाही यायची मला, पण आख्यान ऐकण्यासारखं आहे.

तो फळा बघा. 'आजचा प्रसाद : रंगू आकाराम गोफणे'. अक्षर माझंच. आणि त्याच्याखाली पुसट दिसतंय ते 'रंगुबाई तानाजी कोकरे'. तेही मीच लिहिलं होतं, आणि मीच पुसलं.

रंगुबाई बावीस वर्षं आमच्याकडं धुणंभांडी नि पोळ्या करते. रामनवमीच्या उत्सवात सकाळपासून तिची घाई असते, कारण साडेपाचला तिला इथं, त्या चपलांजवळच्या खांबाला टेकून बसायचं असतं. पूर्वरंगात बुवा अभंग उलगडून सांगतात तेव्हा ती खुशाल पेंगते. उत्तररंगात गोष्ट सुरू झाली की मान वर. घरी जाताना मला विचारते, "वैनी, त्या राजाची धाकटी लेक फुडं कुटं गेली? बुवांनी तिला मधीच सोडली." असले प्रश्न तिलाच पडतात.

यंदा मी ठरवलं, एका दिवसाचा प्रसाद तिच्या नावानं करायचा. कीर्तन संपलं की बुवा देवापुढं उभे राहून नाव पुकारतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती कुकर घासत होती. हात थांबला.

"नगं वैनी. त्ये नाव पुसा."

मला वाटलं, लाजते आहे. पण त्या संध्याकाळी ती कीर्तनाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही खांब रिकामाच. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मनात खूप धुंडाळलं, माझ्याकडून काही लागेलसं बोललं गेलं का. काही आठवेना.

आमच्या गॅलरीत कपाटावर तिची एक काळी घोंगडी असते, घडी घातलेली. तिच्यावर ती कधी बसत नाही. थंडीतसुद्धा दुपारची भाकरी गार फरशीवर बसून खाते. माझी ज्ञानदा लहान होती तेव्हा विचारायची, "रंगूमावशी, ही कुणासाठी ठेवलीयस?" तर म्हणायची, "हिच्यावर बसलं की खरं बोलावं लागतंय, बाय माझे." आम्ही हसायचो.

परवा दुपारी तिनं ती घोंगडी काढली, झटकली, फरशीवर अंथरली आणि बसली.

"आता इचारा."

"काय विचारू?"

"नाव इचारा माजं."

"काय नाव तुमचं?"

"मंगल."

मी तिथंच उंबऱ्यावर टेकले.

"आमच्यात पंच घोंगडीवर बसत्यात," ती म्हणाली. "तितं खोटं बोलायचं न्हाई. म्हनून बसत न्हवते."

माणदेशातलं धनगराचं घर. आई नव्हती. बाप आकाराम, दोन लेकी आणि मेंढरं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचं. घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि आठ वर्षांची मंगल. थोरली रंगू चालत, काखेत एखादं कोकरू. परतल्यावर रंगूला फलटणला एका घरी कामाला ठेवायचा शब्द बापानं दिलेला. त्यांना अकरा वर्षांची, भाकरी येणारी पोर हवी होती. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

पाटणच्या पुढं, एका ओढ्याकाठी मेंढरं बसलेली असताना रंगूला ताप भरला. चौथ्या दिवशी गेली.

"तितंच पुरली. दुसऱ्या दिवशी निघालो. रान चरून सपलं हुतं, थांबायचं कशावर?"

फलटणला आकारामनं मंगलला नेलं. दारात शिकवलं, "आजपास्नं तू रंगू. वय इचारलं तर अकरा." घरातल्या बाई म्हणाल्या, अकराची दिसत नाही. "आवं, आमच्यातली पोरं बारकीच," बाप म्हणाला. जाताना रंगूवर पांघरलेली ही घोंगडी धाकटीच्या खांद्यावर टाकून गेला.

"पयली भाकरी तव्यापतूर पोचलीच न्हाई, हातातच फाटली. बाई म्हनल्या, रंगूला येतंय म्हनला हुता की तुजा बाप. म्या म्हनलं, रंगूला येतंय. आन् मग घाबरून दुसरा गोळा मळाया घेतला."

मोरीत पाटावर उभी राहून तिनं भांडी घासली. तिथंच वाढली, तिथूनच लग्न झालं. तासगावला तानाजीबरोबर बेदाण्याच्या शेडवर राबली. तो वारल्यावर सांगलीला आली. रेशनकार्डावर रंगू, आधारवर रंगू.

"तानाजींना सांगितलं नाहीत?"

"त्याला सांगायचं तर घोंगडी अंथरावी लागली असती."

मी म्हटलं, "मग फळ्यावर मंगल लिहू?"

ती घोंगडीच्या काठाची लोकर बोटांनी चोळत बसली. मग तिनं मला विचारलं, जसं राजाच्या धाकट्या लेकीचं विचारते तसंच.

"वैनी, पन्नास वर्सं समद्यांनी रंगू रंगू म्हनून हाका मारल्या. त्या मलाच मारल्या. तिला कुनी मारली का वो?"

तिनं घोंगडीची सुरकुती हातानं सारखी केली.

"ऱ्हाऊ द्या तिचंच. तानाजीचं तेवढं पुसा. तिचं कुटं लगीन झालं हुतं? आकारामची लेक म्हना. आन् लोकांस्नी सांगा कोन ती. न्हाईतर पुना मलाच समजतील."

म्हणून सांगतेय. आज सकाळी मी तिला मंगल म्हणून हाक मारून बघितली. तिनं वरसुद्धा बघितलं नाही, गवारीच्या शेंगा मोडत राहिली. तिसऱ्या हाकेला म्हणाली, "मला व्हय?" मग दोघीही हसलो.

ती बघा, आलीच. घोंगडी काखेत घेऊन आलीय. अंथरली खांबाशी. बसली.

टाळ वाजले, बुवा उभे राहिले. आता गप्प बसू. एवढंच करा. शेवटी नाव पुकारतील तेव्हा मागं वळून तिच्याकडं बघू नका. पाटणच्या पुढं ओढ्याकाठी राहिलेली ती अकरा वर्षांची पोर मनात आणा. तिला भाकरी येत होती.