रिकामा टाइप

"साहेब, तुमचं मशीन डॉक्टरचं नाव घातल्याशिवाय पुढंच जात नव्हतं. मी काय करणार?"

सुनंदाबाई सिस्टर पदराला हात पुसत म्हणाल्या. हितेंद्रने नोंदीचा कागद त्यांच्यापुढे धरला होता. रुग्ण चारुलता पाटील, त्याची बायको. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. तपासणारे, मोठे डॉक्टर.

"पण ते होते का?"

"जामनेरला लग्नाला गेले होते. दुसरे सुटीवर. तीनला पाच कमी असताना कोणीतरी डॉक्टर आलं." त्यांनी कागदावरच्या वेळेवर बोट ठेवलं. "तोवर मी ऑक्सिजन लावला, फोनावर फोन केले. मशीनमध्ये 'डॉक्टर नाही' असं कुठं लिहायचं ते शोधलं. तसं काही नव्हतंच. नाव न घालता औषधाची चिठ्ठी निघत नाही. मग मोठ्या डॉक्टरांचं घातलं. नेहमी तेच घालतो."

"नेहमी?"

"आम्ही सगळ्याच. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

मशीन म्हणजे हितेंद्रने लिहिलेला प्रोग्राम. जळगावच्या त्या खाजगी दवाखान्यासाठी तीन वर्षांपूर्वी त्याने तो लिहिला होता. प्रोग्रामची भाषा मोठी काटेकोर. प्रत्येक गोष्टीचा टाइप, म्हणजे प्रकार, आधी सांगावा लागतो, आणि टाइप जुळला नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. टाइप लिहायचा म्हणजे नाव द्यायचं, पुढे बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे ती वस्तू किती तऱ्हांनी बनू शकते ते. खाट भरलेली किंवा मोकळी. रक्तगट आठ. पण एक टाइप असाही लिहिता येतो, की नाव द्यायचं आणि तिथेच थांबायचं. चिन्ह नाही, पुढे काही नाही. नाव आहे, पण त्या नावाची एकही वस्तू कुणालाही कधी बनवता येत नाही. जे घडूच शकत नाही, त्याच्यासाठी हा रिकामा टाइप.

दाखल करायच्या नोंदीला दोन बाजू होत्या. डॉक्टर मिळाला तर त्याचं नाव, नाही मिळाला तर कारण. दवाखान्याचा मॅनेजर नवल तेव्हा म्हणाला होता, "सर, आपल्याकडे चोवीस तास डॉक्टर असतो. ती दुसरी भानगडच नको." हितेंद्रला ते पटलं. कारणाच्या जागी त्याने रिकामा टाइप बसवला. काम पाच मिनिटांचं. दर गुरुवारी तो धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला जायचा, तिथे मुलांना फळ्यावर कौतुकाने दाखवायचा. बघा, चुकायला जागाच ठेवली नाही. डॉक्टर नसणं काही त्याने थांबवलं नव्हतं. ते लिहिणं तेवढं थांबवलं होतं.

चारुलताच्या छातीत दुखायला लागलं तोही गुरुवार. शेजारच्या कामिनीने तिला रिक्षात घालून नेलं. हितेंद्र धुळ्याहून पोचला तेव्हा तोंडावरून चादर ओढून झाली होती. डॉक्टर नव्हता, असं कामिनीने सांगितलं, म्हणून त्याने तक्रार केली. चौकशी बसली. दवाखान्याने हा कागद पुढे केला.

संध्याकाळी नवलचा फोन आला. "सर, चौकशीवाल्यांना नोंदीबरोबर प्रोग्राम करणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंद खरी, प्रोग्राममध्ये दोष नाही, एवढंच. उद्या सही द्या."

"नोंद खोटी आहे."

"मग दोष कुणाचा? सिस्टरचा म्हणता? नोकरी जाईल बिचारीची. की तुमचा? प्रोग्राम तुमचाच आहे ना, सर. विचार करा."

चारुलताचे वडील, सुपडू आबा, धरणगावहून आलेले होते. फोन होईपर्यंत ते भिंतीशी पाय दुमडून बसून होते.

"काय म्हने तो?"

हितेंद्रने सगळं सांगितलं. टाइपचं सांगताना अडखळला. आबांनी मध्येच हात वर केला.

"थांब. म्हनजे काटावर कापूस कमी भरना, तरी काटा पुराच दखाडी. कमी दखाडाले त्याले जागाच नही."

"हो, आबा."

"आनि तो काटा तू बनाडा."

"हो."

आबांनी पाय पोटाशी ओढले. "मन्ही पोर पाऊन घंटा तडफडनी," ते म्हणाले, "आनि तुन्हा कागद म्हनस, डाक्टर व्हता."

रात्री कामिनीने आणून दिलेला डबा दोघांनीही उघडला नाही.

सकाळी हितेंद्र चौकशीच्या कचेरीकडे निघाला तेव्हा आबा चपला घालून मागे आले. तिथे चौकशी करणाऱ्या सुलक्षणा मॅडम होत्या. त्यांनी सहीसाठी दिलेलं छापील प्रमाणपत्र त्याने कोरंच परत दिलं आणि हाताने लिहिलेला कागद पुढे ठेवला. दवाखान्यात डॉक्टर नसला तरी माझ्या प्रोग्राममध्ये तसं लिहिता येत नाही. तशी सोय मीच बंद केली. सिस्टरला नाव घालण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणून या नोंदीतलं डॉक्टरचं नाव पुरावा म्हणून धरू नये.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "तक्रारदार तुम्हीच ना?"

"हो."

"अहो, मग हे तुमच्यावरच उलटेल. दवाखानावाले म्हणतील, डॉक्टर होते, प्रोग्रामच भिकार होता. आणि डॉक्टर नव्हते, हे काही यातून सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"मग मिळवलंत काय?"

"ती नोंद खरी म्हणून राहायला नको," तो म्हणाला.

मॅडमनी टेबलावरचं पेन पुढे सरकवलं. "ओळखीचा साक्षीदार लागेल."

दाराशी उभे असलेले आबा पुढे आले. मॅडमनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "वाचून घ्या, बाबा."

"वाचानी गरज नही. त्यान्याच तोंडे ऐकेल शे."

"हे तुमचे कोण?"

आबांनी पेन हातात घेतलं. "मन्ही पोरना नवरा," ते म्हणाले, आणि एकेक अक्षर दाबून सही केली. सहीतलं शेवटचं अक्षर रेघेखाली उतरलं.

बाहेर आल्यावर आबा स्टँडकडे चालू लागले. हितेंद्र चार पावलं मागे. धरणगावची गाडी लागलेली होती. आबा चढले, खिडकीशी बसले आणि डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. एक माणूस बसायला आला, त्याला त्यांनी मान हलवून पुढे पाठवलं. हितेंद्र खाली उन्हात उभा राहिला.

कंडक्टर आला. "कितली तिकिटं, आबा?"

खिडकीबाहेर न बघता आबांनी दोन बोटं दाखवली.