बार्थलची मार्चमधली बिअर

आमच्या ओबरफाल्त्स प्रांतात बिअर उत्तम झाली की लोक म्हणतात, "चालेल." त्याहून जास्त कौतुक कुणी करत नाही. चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या बिअरला लोक "चालेल" म्हणत आले, आणि तेवढ्यावर बार्थल खूश असायचा.

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने त्याचं नाक गेलं. कसलाच वास येईना. तरी मार्चमध्ये त्याने गावच्या सामाईक भट्टीवर बिअर बनवायची आपली पाळी घेतली. ही बिअर उन्हाळाभर तळघरात मुरवायची आणि शरदात उघडायची. त्याने लाकडी पिपं धुतली, सवयीने आत डोकं घालून हुंगलं आणि म्हणाला, "स्वच्छ आहेत." मी शेजारीच उभी होते. मीही हुंगायला हवं होतं. त्याला अपमान वाटेल म्हणून गप्प बसले, मूर्ख बाई!

"झेंझी, ही बिघडली तर पाळी सोडली मी," असं तो उन्हाळाभर मला म्हणत होता.

ऑक्टोबरात पीप उघडलं. पहिल्याच घोटाला मला बुरशीचा वास आला. त्याला अर्थातच नाही. बिअर तयार झाल्याची खूण म्हणून तो दारावर सहा टोकांचा तारा टांगायला गेला, तशी मी मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे धावले. "हात जोडते, त्याला काही बोलू नका."

संध्याकाळी घर भरलं. सगळे निमूट पीत होते. बार्थलने शेजारच्या एर्हार्डला विचारलं, "काय रे, कशी झालीय?"

एर्हार्ड एरवी भारी फटकळ. आज पुरता गडबडला. "वा! अप्रतिम! असली बिअर जन्मात प्यालो नाही!"

बार्थलने पेला खाली ठेवला.

"इतकी वाईट झालीय?"

एर्हार्डने मान खाली घातली.

"वास कसला येतोय, तेवढं तरी सांगा."

शेवटी मीच म्हणाले, "बुरशीचा."

"तुला कधी कळलं?"

"सकाळीच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नाक गेलं ते सोसलं गं," तो म्हणाला. "पण आता तूही खरं सांगायची नाहीस."

पाळी त्याने सोडली. दिवसभर खिडकीशी बसून असतो. दुपारी मी सूप वाढते. हल्ली रोज पहिला चमचा घेतला की म्हणतो, "फार सुंदर झालंय, झेंझी." मग मी माझा चमचा खाली ठेवते.