मंगळवारचा खड्डा

मी एक जुना आलेख आहे. एजियन समुद्रातल्या एका लहानशा बेटाच्या ग्रामकचेरीत, चीजच्या दरपत्रकाशेजारी, जरासा तिरका टांगलेला. तिरका असलो तरी माझी मान ताठ आहे. मित्रांनो, मी एक बोट वाचवली आहे.

माझा जन्म संगणकावर झाला. शाळेत गणित शिकवणाऱ्या एव्हान्थियाबाईंनी मला घडवले. मंगळवारची बोट रिकामी जाते, सबब ती बंद करावी, असे राजधानीतल्या समितीने ठरवत आणले होते. दवाखाना समुद्रापलीकडे आणि डॉक्टर फक्त मंगळवारी. मग आजाऱ्यांनी काय पोहत जायचे? बाईंनी तीन वर्षांच्या तिकिटांचे आकडे मला भरवले. पहिल्या दिवशी मी गोल होतो, सात रंगांचा, आणि गरगर फिरतही होतो. माझ्यासारखा देखणा मीच.

तिकीटवाले लेफ्तेरीसकाका कॉफी पीत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, केक झकास झालाय. पण बोटीत कोण बसलंय, ते कुठं दिसतंय?"

बाईंनी माझे रंग उतरवले. मी एक साधी रेघ झालो आणि उघडा पडलो. दर मंगळवारी माझ्यात एक खोल खड्डा! म्हणजे समितीचेच खरे. बाईंनी काकांना खोदून विचारले, तेव्हा त्यांनी तिकिटांचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"दवाखान्यात चाललेल्या माणसाचं तिकीट फाडायचं? माझ्या बापानं नाही फाडलं कधी."

हे साऱ्या बेटाला ठाऊक होते. इतके ठाऊक, की कुणी कधी बोललेच नव्हते. चांगुलपणा इतक्या नेमाने चालला होता, की त्यापायी बोटच जायची वेळ आली.

सुदैवाने कप्तान रोज डोकी मोजून वहीत लिहितो. बंदराचा तसा नियमच आहे. बाईंनी ती वही माझ्यात ओतली. तिकिटांच्या रेघेवर माणसांची दुसरी रेघ चढली, मंगळवारी तर सगळ्यांत उंच. दोन रेघांमधली जागा बाईंनी निळी केली आणि तिथे एवढेच लिहिले : 'हे आजारी आहेत.'

समितीपुढे मी भिंतभर झळकलो. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून मला पुन्हा वाचले. मग त्यांनी बाईंसोबत आलेल्या काकांना विचारले, की फुकट नेणे कोणत्या नियमात बसते.

"कुठल्याच नाही," काका म्हणाले. "मला काढा बाई. बोट नका काढू."

काकाही राहिले, बोटही राहिली. काकांना लेखी ताकीद मिळाली, की तिकीट फाडलेच पाहिजे, हवे तर त्यावर शून्य लिहावे.

आता माझा निळा रंग विटला आहे. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, माझ्या भावंडांना फार नटवू नका, आणि त्यांची रेघ कुठे खचली तर बरी दिसावी म्हणून उचलूही नका. उठा, धक्क्यावर जा, आणि तिकीट कुणाचे फाडले नाही, ते विचारा.