चौकट दिसली की उठायचं

सोमवारी आमच्या दुरुस्तीवाल्या वस्तादांनी मशीनमधला साबणाचा खण इतका लख्ख धुतला की त्यात तोंड बघून भांग पाडता आला असता. अडचण एवढीच होती, की त्यांना दाराचा रबर बदलायचा होता.

आमचा कारखाना कपडे धुण्याची मोठाली मशिनं बनवतो. हॉस्पिटलं आणि हॉटेलं घेतात ती, माणूस आत उभा राहील एवढी. प्रत्येक मशीनबरोबर तीन पुस्तकं जातात: बसवणी, वापर आणि दुरुस्ती. ही पुस्तकं मी करते. खरं म्हणजे मला घेतलं होतं रिसेप्शनवर, फोन उचलायला. पण फोनवर जो तो एकच रडगाणं गायचा, "पुस्तकात काय लिहिलंय ते कळत नाही हो." म्हणून मी एक पान सोपं करून दिलं, मग दुसरं, मग सगळंच गळ्यात पडलं. एक्सएमएल मी टेबलाच्या खणात पुस्तक लपवून शिकले. फार काही नसतं ते. मजकुराला चिठ्ठ्या लावायच्या: हे शीर्षक, ही पायरी, ही लिंक. दिसायचं कसं, ते एका वेगळ्या फायलीत सांगायचं, तिला म्हणतात स्टाइलशीट. मग एक बटण दाबलं की तीन पीडीएफ तयार. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चार फोन उचललेच नव्हते.

आता नवे साहेब आले होते आणि त्यांना हा सगळा प्रकार घरगुती वाटत होता. "गुरुवारी परीक्षा घेऊ," ते म्हणाले. "वस्ताद फक्त पुस्तक वाचून नव्या मॉडेलचा रबर बदलतील. कोणाला विचारायचं नाही. एक जरी फोन आला, तर पुस्तकं बाहेरच्या कंपनीकडे आणि तुम्ही परत रिसेप्शनवर." वर आणखी, "तुमचा फोनवरचा आवाज छान आहे," असंही म्हणाले. कौतुक करावं तर असं.

सोमवारी आम्ही आपापसात रंगीत तालीम केली आणि साबणाचा खण धुतला गेला.

"वस्ताद, अहो, तीस वर्षं मशीन उघडताय. बिजागरी सैल करायची तर साबणाचा खण कशाला काढाल?"

"साहेब म्हणालेत, पुस्तकात असेल तेवढंच करा. मी अक्कल डब्याच्या पिशवीत ठेवून आलोय. हे बघा, चौथी पायरी: 'बिजागरी सैल करा, पान ४२ पहा.' पाहिलं पान ४२. साबणाचा खण."

पान ४२ बरोबर होतं. फक्त ते बसवणीच्या पुस्तकातलं होतं आणि वस्तादांच्या हातात दुरुस्तीचं होतं. एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचा पान नंबर आपोआप यावा म्हणून मी महिनाभर डोकं खाजवलं होतं. तिन्ही पुस्तकं दोनदा बनवावी लागतात; पहिल्या फेरीत प्रत्येक पुस्तक आपल्या पानांचे पत्ते लिहून ठेवतं, दुसऱ्या फेरीत बाकीची पुस्तकं ते वाचतात. एवढा द्राविडी प्राणायाम करून नंबर अचूक आणला, आणि तो कुठल्या पुस्तकाचा हे सांगायचंच राहिलं. मला ते कधी दिसलंच नाही, कारण मी कॉम्प्युटरवर लिंक दाबत होते आणि ती बरोबर दुसरं पुस्तक उघडत होती.

वस्ताद काही दाबत नाहीत. पाण्याशी काम, म्हणून ते फोन मशीनच्या आसपाससुद्धा आणत नाहीत. लागतील ती पानं छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चुंबकानं मशीनच्या अंगावर चिकटवतात आणि पुढ्यात स्टुलावर बसतात.

मंगळवारी मी मोठ्या ऐटीत इलाज घेऊन गेले. त्याच पुस्तकातली लिंक निळी, दुसऱ्या पुस्तकातली नारिंगी. वस्तादांनी पान उजेडात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"नारिंगी कुठंय, ताई?"

"हे काय, हे."

"गेटजवळचा प्रिंटर आहे हा. त्याला काळ्याशिवाय दुसरा रंग माहीत नाही."

घरी आले ती तोंड पाडूनच. सासूबाई खिडकीशी विणत बसल्या होत्या. त्यांच्या विणकामाच्या तीन वह्या आहेत: थोरली, हिरवी आणि फाटकी.

"आलीस? बरी आलीस. ती हिरवी वही दे गं जरा."

"समोर फाटकी उघडी आहे की, आई."

"बाहीचं माप हिरवीत आहे."

मी वही दिली आणि सहज फाटक्या वहीत डोकावले. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गळा: पान ६.' त्याच्या खाली: 'बाही', आणि पुढे एक बारकी चौकट काढून तिच्यात, 'हिरवी, पान ११.'

"आई, गळ्याला चौकट नाही आणि बाहीला आहे. का?"

"गळा इथंच आहे. बसल्या जागी पान उलटायचं. बाही दुसऱ्या वहीत, म्हणजे उठावं लागणार. चौकट दिसली की उठायचं. नाही तर मी पानं उलटत बसते, आणि उगाच उठले तर गुडघे बोंबलतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एवढं काय बघतेस? तुझ्या ऑफिसात नसतील असल्या युक्त्या."

"नाहीत हो," मी म्हटलं. "उद्यापासून असतील."

बुधवारी स्टाइलशीटमध्ये नवा नियम लिहिला. लिंक याच पुस्तकातली असेल तर नुसतं पान. दुसऱ्या पुस्तकातली असेल तर चौकट, तिच्यात आधी ठसठशीत अक्षरात पुस्तकाचं नाव आणि मग पान. पहिल्या खेपेला एक चौकट ओळीच्या टोकाला बरोबर मधोमध तुटली. 'बसवणी' वर राहिली आणि 'पान ४२' खालच्या ओळीत लोंबत बसलं. मग चौकट तोडायची नाही, अख्खी खाली न्यायची, हेही सांगितलं. दोनशे चौदा लिंका होत्या. संध्याकाळपर्यंत एकेक डोळ्यांखालून घातली, काळ्या शाईत, गेटजवळच्या प्रिंटरवर.

गुरुवारी वस्ताद खाली शेडमध्ये, आणि मी वर साहेबांच्या खोलीत. मध्ये टेबलावर फोन. त्याच्याकडे मी इतका वेळ बघत होते की नजरेनं त्याची बटणं झिजली असतील. अकरा चाळीसला तो वाजला.

साहेबांनी स्पीकर लावला.

"ताई, रबर बसला," वस्ताद म्हणाले.

"मग फोन कशाला केलात, वस्ताद!" मला रडू यायचं बाकी होतं.

"पुस्तकात शेवटची पायरी आहे ना. 'मशीन रिकामे फिरवून पाहू नये. दहा किलो कपडे घालावेत.' शेडमध्ये कपडे कुठून आणू? अंगावर आहेत, पण ते उतरवले तर चारचौघांत बरं दिसणार नाही."

साहेब पुढे वाकले. "म्हणजे विचारायला फोन केलात."

"विचारायला नाही साहेब, मागायला. तुमच्या खोलीचे पडदे बरेच दिवस धुतलेले नाहीत, म्हणून म्हटलं."

साहेबांनी पडद्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. नंतर त्यांना जे हसू आलं ते काही आवरेना. खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः पडदे काढले, धुळीनं दोनदा शिंकले, आणि आम्ही बोचकं घेऊन खाली गेलो. कँटीनवाल्यानं एप्रन दिले, कोणी टेबलावरची कापडं आणली. तरी वजन पाव किलोनं कमी भरलं. आनंदाच्या भरात मी अंगातला स्वेटर काढला.

"थांबा!" वस्ताद ओरडले. त्यांनी मशीनवर चिकटवलेल्या पानावर बोट टेकवलं. "लोकरी कपड्यांसाठी..." पुढे चौकट होती. 'वापर, पान १७.'

वस्ताद स्टुलावरून उठले. हात पुसले, कपाटातून वापराचं पुस्तक काढलं, पान १७ उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'लोकर गरम पाण्यात घालू नये, आटते.' ताई, हा स्वेटर बाहुलीच्या अंगात गेला असता! कोणी लिहिलंय हो हे?"

"मीच," मी म्हटलं, आणि सासूबाईंनी विणलेला स्वेटर मुकाट्यानं परत अंगात घातला. पाव किलोसाठी साहेबांचा सुती कोट गेला.

मशीन चाळीस मिनिटं फिरलं. दारातून टिपूस गळला नाही. काचेआड पडदा आणि कोट एकमेकांना मिठ्या मारत गरगरत होते, आणि साहेब हाताची घडी घालून ते पाहत उभे होते.

"त्या बाहेरच्या कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगा," ते म्हणाले. "तुम्हीच करा. तुमचा फोनवरचा आवाज छान आहे."

मी वर जाऊन फोन उचलला. पहिला मात्र घरी लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. फोन दुसऱ्या खोलीत असतो, आणि आईंना उठावं लागतं.