चार कॉइलींना बांधलेला दोरा

तुम्ही खोटं बोललात. माझ्याशी बोलला असता तर तिथंच दोन शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. पण तुम्ही माझ्या बापाशी खोटं बोललात, तेही "आजोबा, आजोबा" करत, हातात पाण्याचा ग्लास देऊन. म्हणून हे लिहितोय.

तुमचं नाव लिहीत नाही. सांगलीच्या त्या काचेच्या इमारतीत सर्व्हिसचा मुख्य म्हणून कोण बसतं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. तेवढं पुरे.

मी रविराज. औंधच्या पूर्वेला आमचं गाव, घर मेंढरांचं. मी ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. आयटीआय केलेलं नाही, उघडून उघडून शिकलो. थोरला भाऊ बिरदेव कोइमतूरला गलाईच्या धंद्यात, सोनं वितळवतो. बारा वर्षं भट्टीपुढं भाजून घेऊन त्यानं एकच हौस केली. लाल, दोन दारांची, टर्बो इंजिनाची स्पोर्ट्‌स कार. एवढी ठेंगणी की आमच्या गावच्या गतिरोधकावर पोट घासतं. दोन वर्षं त्यानं ती कोइमतूर ते गाव अशी पळवली. मग तिकडच्या गल्लीत दोनदा घासली, तेव्हा गाडी गावात ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी आमच्या आबांनी, म्हणजे बापानं, दादासोंनी, बॉनेट उघडायला लावलं.

"बिरदेवा, ह्याचं काळीज कुठं हाय?"

बिरदेवनं इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ओळीनं बसलेल्या चार कॉइली दाखवल्या. "हितं ठिणगी पडती आबा. ह्येच्या खाली प्लग."

"मग दोरा हितंच."

काळ्या मेंढीची लोकर मांडीवर वळून केलेला दोरा. आमच्याकडं दिठ लागू नये म्हणून तो म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात असतो, दारावर असतो, पोराच्या मनगटात असतो. आबांनी चारी कॉइलींच्या गळ्यांभोवती एकच दोरा फिरवला, गाठ मारली आणि बिरोबाचं नाव घेत भंडारा उधळला. झाकण बसलं. इंजिनात लोकर बांधू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. गप्प बसलो. ती आमची पहिली चूक, मान्य.

आता ध्यानात ठेवा साहेब. प्लग काढायचा तर आधी कॉइल उपसावी लागते. आणि तो दोरा सोडल्याशिवाय एकही कॉइल वर येत नाही.

गेल्या दिवाळीआधी गाडी तुमच्याकडं सर्व्हिसला होती. तुमच्या कागदावर छापलंय, "स्पार्क प्लग चार, बदलले." खाली सही. मी विश्वास ठेवला. छापलेल्यावर आमचा लय विश्वास.

उन्हाळ्यात गाडी वर्धनगडच्या घाटात ठसके द्यायला लागली. सपाटीला गुमान चालायची. चढाला पाय दाबला, टर्बो भरला, की आचके. मागनं दुधाचा टेम्पो आला, त्यानं ओव्हरटेक करताना मान बाहेर काढली.

"काय रं गड्या, लाल मेंढरू खोकतंय व्हय?"

एवढ्या गाडीला दुधाच्या टेम्पोनं मागं टाकावं! तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, प्लग नवेच आहेत, तो प्रश्नच नाही. टर्बो गेला असेल, गाडी महिनाभर ठेवून जा.

टर्बो हवा दाबून भरतो. प्लग झिजला की टोकाची फट वाढते, आणि त्या दाबात ठिणगी विझते, वाऱ्यात काडी विझावी तशी. हे मला शेडमध्ये बसून कळतं, तुम्हाला काचेच्या आत बसून कळत नव्हतं? मी नवे प्लग मागवले, फट मोजायची पट्टी काढली, मापात आवळायचा टॉर्क पाना घेतला.

आई, धोंडुबाई, दारातनं ओरडली, "भावाची गाडी हाय, ट्रॅक्टर न्हवं! मोडलीस तर भट्टी डोक्यावर घिऊन यील त्यो कोइमतूरहून!"

सकाळी इंजिन थंड असताना झाकण काढलं आणि हात थांबला. चारी कॉइलींच्या गळ्यात दोरा. त्याच्यावर भंडारा जुन्या धुळीत कालवून घट्ट बसलेला, हळद काळी पडलेली.

"आबा, ही गाठ कुणाची?"

आबा उकिडवे बसून वाकले. "माजी."

"नीट बघा."

"अरं माजीच! चाळीस वर्सं मेंढरं बांदली, माजी गाठ मला कळंना व्हय?"

म्हणजे इथं तुमच्या कुणाचा हात लागलेलाच नव्हता. फोटो काढायला पाहिजे होता. फोन घरात चार्जिंगला, माझे हात ग्रीसनं भरलेले. फोन आणायला वळलो तोवर आबांनी गाठ हातानं सोडली होती, कारण त्या दोऱ्याला लोखंड लावायचं नसतं. आणि उतरलेला दोरा घरात ठेवायचा नसतो. टेंभूच्या कॅनॉलला पाणी सुटलं होतं. म्हातारा तडक गेला आणि दोरा वाहत्या पाण्यात सोडून आला. माझा पुरावा वाहून गेला आणि मी चिंधीला हात पुसत उभा. ही आमची दुसरी चूक. जगात दुसरं कुणी करणार नाही अशी.

मग काम केलं. आधी हवा मारून सगळा भंडारा उडवला, नाहीतर प्लग निघताच तो खाली सिलिंडरात गेला असता. कॉइलीचे क्लिप कडक झालेले, ते बोटानं दाबून, न मोडता काढले. कॉइली उपसल्या. प्लग निघाले ते कंपनीतनं आले तेच, टोकं झिजून गोल झालेली, एकाच्या चिनीमातीला तडा. नवे चारी फट मोजून, आधी नुसत्या हातानं फिरवत बसवले, मग पान्यानं आवळले. दीड तास लागला. आबांनी नवा दोरा बांधला. नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ती तिसरी.

आबांना शेजारी बसवून घाट चढलो. पाय दाबला, गाडी सरळ, आवाज एकसारखा. आबा गालात हसले. "खोकत न्हाई आता."

त्याच आठवड्यात आम्ही दोघं सांगलीला आलो. जुने प्लग डब्यात. भांडायला आलो नव्हतो, विचारायला आलो होतो. मी डबा टेबलावर ठेवला.

तुम्ही म्हणालात, "हे कुठल्या गाडीचे असतील, कुणास ठाऊक."

मग बॉनेट उघडायला लावलंत, झाकण काढलंत आणि दोरा दिसला. तुमचा चेहरा काय उजळला! पटापट फोटो. लिहिलंत, "इंजिनात बाहेरची वस्तू. मालकाने स्वतः इंजिन उघडले. वॉरंटी रद्द." मी काही बोलायच्या आत तुम्ही आबांकडं वळलात.

"आजोबा, ते ठसके या दोऱ्यामुळंच येत होते. तुमच्या हातानं पोराची गाडी बिघडली. देव देव्हाऱ्यात ठेवा, इंजिनात नको."

काउंटरवरची माणसं हसली. आबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, डोक्यावरचा पटका सारखा केला आणि म्हणाले, "माजं चुकलं सायेब."

वॉरंटी खड्ड्यात गेली तरी चालेल. प्लग मी परत बदलेन. पण आबांनी त्या दिवशी घरी येऊन दारावरचा दोरा सोडला. म्होरक्याच्या गळ्यातला सोडला. माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या मनगटातलासुद्धा. ती रडली तरी. बिरदेवचा फोन आला की मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसतात. गाडीकडं पाठ करून जेवतात. मी शंभरदा सांगितलं, आबा, त्यो खोटं बोलला. त्यांचं एकच, "शिकल्याला माणूस हाय, कशाला खोटं बोलंल?"

मी सांगून पटत नाही. तुम्हीच सांगायचं.

ठसके दोऱ्यानं येत होते म्हणता. ठसके उन्हाळ्यात आले, म्हणजे दोरा तेव्हा होता. तो बिरदेवनं गाडी आणली त्या दिवसापासून होता, म्हणजे दिवाळीआधी तुमच्याकडंही होता. मग प्लग बदलताना तुमच्या माणसाला तो सोडावा लागला असणार. सोडला तर बाहेरची वस्तू म्हणून तेव्हाच का नाही लिहिलंत? सोडून परत बांधला म्हणत असाल, तर माझ्या बापाची गाठ तुमच्या शेडमध्ये कुणाला येते, त्याला माझ्यापुढं उभा करा.

मला पत्र नको. ईमेल नको. गाडी दारात उभी आहे, आबा वाड्यात आहेत. औंधहून पुढं कुणालाही दादासो मेंढक्याचं घर विचारा. या, त्यांच्यासमोर उकिडवे बसा, 'आजोबा' म्हणा आणि सांगा, त्या चार प्लगांना तुम्ही हात तरी लावला होता का?